मठपती बाईंची पालकसभा

“नापास करा म्हंतो ना मी. माझी पोरगी हाय, मी बाप हाय. करा नापास!”

बळीराम गवंडी शाळेच्या पटांगणात उभा राहून हे ओरडत होता, आणि तेही एक मे रोजी, झेंड्याला सलामी देऊन झाल्या झाल्या. आवाज असा की समोरच्या कडुलिंबावरचे सगळे कावळे उठले आणि थेट नांदेड जिल्ह्यात जाऊन बसले. अंतर फार नाही; आमची माळवाडी जळकोट तालुक्याच्या अगदी काठाला, ओढा ओलांडला की जिल्हा बदलतो. पण त्या उन्हाळ्यात कावळेसुद्धा कारणाशिवाय पंख हलवत नव्हते, म्हणून सांगितलं.

मी तोवर बरीच वर्षं मास्तरकी केलेली. पोराला पास करा म्हणून पाया पडणारे बाप पाहिले होते, पिशवीत कोंबडा घालून आलेले पाहिले होते, मेहुण्याच्या साडूची मंत्र्याच्या ड्रायव्हरशी ओळख आहे असं कानात सांगणाराही एक पाहिला होता. पोरीला नापास करा म्हणून भांडायला आलेला बाप मात्र पहिलाच. निकाल न्यायला जमलेले बाकीचे पालक आपापली पोरं विसरून भोवती उभे राहिले. तमाशा फुकट होता, आणि त्या वर्षी गावात दुसरं काहीच फुकट मिळत नव्हतं.

मठपती बाई वर्गाच्या पायरीवर आल्या. “बळीराम,” त्या म्हणाल्या, “झेंडा वर हाय. आवाज खाली घे.”

बळीरामनं झेंड्याकडं बघितलं, डोक्यावरची टोपी नीट केली आणि खालच्या आवाजात म्हणाला, “करा की मग नापास.”

आता बळीरामला काही वेड लागलं नव्हतं. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो हा उन्हाळा. आमच्या गावात बोअर इतकी खोल मारली होती की खालून पाण्याऐवजी धूळ आली, आणि तीसुद्धा निजामाच्या काळातली, असं गावातले जाणकार वास घेऊन सांगत. पाणी नाही म्हणजे बांधकाम नाही, बांधकाम नाही म्हणजे गवंड्याला काम नाही. बळीराम बायकोला आणि तान्ह्या पोराला घेऊन पुण्याला निघाला होता. प्रश्न होता सारिकाचा. सारिका चौथीत. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला जळकोटला जायचं तर माळावरून एकटीनं चालत जावं लागणार, आणि तसं तो तिला धाडणार नव्हता. म्हणजे चौथी पास झाली की पोरगी पुण्याला. तिथं ती काय करणार हे गावात कुणालाही सांगायची गरज नव्हती: वाळूच्या ढिगाशेजारी भावाला कडेवर घेऊन उभी राहणार, आईच्या आधी उठून चूल पेटवणार, आणि शाळा तिथंच संपणार.

पण चौथीत नापास झाली तर? तर ती गावातच, आजीजवळ, पारूबाईजवळ राहणार. दुपारी शाळेत खिचडी मिळणार, कारण दुष्काळी तालुका म्हणून सुट्टीतसुद्धा खिचडी शिजत होती. आणि वर्षभर मठपती बाईंच्या नजरेखाली. बापाचा हिशोब एकदम चोख होता. त्यात अडचण एकच, की सरकारनं आठवीपर्यंत कुणाला नापास करायचंच नाही असं ठरवून टाकलं होतं.

बळीरामकडं त्यावरही तोड होती. त्या दिवसांत उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती. रोज सकाळी कुणीतरी जळकोटहून यायचा आणि जिल्हा झाल्याचं सांगून चहा प्यायचा. रस्ता, नळ, दवाखाना, पोरींची लग्नं, सगळं गाव त्या जिल्ह्यावर ढकलून बसलं होतं. बळीरामला कुणीतरी सांगितलं होतं की नव्या जिल्ह्यात नापास करायचा नियम परत येणार आहे. “मग आत्ताच धरून ठेवा की तिला,” तो म्हणाला. “तसंबी सगळ्यांनाच पुढं ढकलता. माझी एकटी मागं ढकला. कुणाचं काय जातंय?”

बाई लगेच काही बोलल्या नाहीत. ज्यांनी त्यांना ऐकलंय त्यांना ही केवढी मोठी घटना आहे ते कळेल. बाकीच्यांसाठी आधी बाई सांगायला हव्यात.

मठपती बाई उंचीनं इतक्या कमी की फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर त्यांच्या हातून कधी अक्षर उमटलं नाही. तो भाग माझा, असा आमच्या दोन मास्तरांच्या शाळेचा अलिखित करार होता. राहिलेली उंची देवानं आवाजात भरून दिली होती. मी नांदेड जिल्ह्यातल्या नायगावचा, बदलीनं इकडं आलेला. पहिल्या दिवशी फाट्यावर उतरलो तर माळापलीकडून सातचा पाढा ऐकू आला. मी त्या पाढ्याचा माग काढत शाळेत पोचलो, रस्ता कुणाला विचारावा लागला नाही.

त्या अहमदपूरहून सकाळच्या एसटीनं यायच्या. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, खांद्याला पिशवी आणि अंबाड्यात खडू. हो, खडू. बायका गजरा माळतात तिथं बाईंचा खडू खोचलेला असायचा. बोलता बोलता हात मागं गेला की समोरच्यानं ओळखावं, आता आपल्याला लिहून दाखवणार. एकदा आमच्या केंद्रप्रमुखांना काही समजावताना जवळ फळा नव्हता, तर बाईंनी त्यांच्या मोटारसायकलच्या टाकीवर त्रैराशिक मांडलं. साहेब तसेच जळकोटला गेले आणि म्हणे पेट्रोलपंपावरच्या पोरानं ते सोडवून दिलं.

माहेर निलंग्याकडचं, कर्नाटकाला लागून. राग आला की बाई कानडीत शिरायच्या. शब्द एकच, “याके?” म्हणजे ‘का?’ पोरांना दुसरा कानडी शब्द येत नव्हता, पण हा कानावर पडला की आख्खी शाळा आपापली चूक आठवायला लागायची. मीसुद्धा.

पेपर तपासून झाले असं मी म्हटलं की त्या विचारायच्या, “तपासलेत का बघितलेत?” त्यांच्या लेखी ही दोन वेगळी कामं होती. तपासणं म्हणजे चूक-बरोबरच्या खुणा. बघणं म्हणजे पोरगं चुकलं ते कुठल्या वळणावर चुकलं, हे शोधत मागं मागं जाणं. एका पोराच्या वजाबाकीमागं त्या अशा गेल्या की तीन दिवसांनी दुसरीच्या पुस्तकातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “सापडलं. हातचा घेतो, पण परत करत न्हाई. घरचं वळण दिसतंय.”

प्रगतिपत्रकात वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात. म्हणजे पोराची विशेष प्रगती काय, आवड कशात, सुधारणा कुठं हवी. अहमदपूरच्या दुकानांत अशा तयार नोंदींची पुस्तकं मिळायची. ती घेतली की एका बैठकीत वर्ग निकालात निघतो. एका वर्षी आख्ख्या परिसरातली पोरं ‘सर्वांशी नम्रपणे बोलते’ अशी निघाली. त्यांत आमच्या शेजारच्या गावचा एक होता, जो गुरुजींना नावानं हाक मारायचा. बाईंच्या नोंदी मात्र त्यांच्या. ‘शेळी हरवली तर कुठं शोधायची हे नकाशा काढून सांगतो. जोडाक्षर आलं की थांबतो, पाणी पितो, मग वाचतो.’ असं लिहिलेलं. ते वाचून दाखवलं की बाप हसायचा आणि म्हणायचा, हाव, हे आमचंच हाय.

खरी पंचाईत श्रेणीची होती. पूर्वी सरळ गुण असायचे. शंभरातले चाळीस म्हटलं की बापाला कळायचं, पोराला बडवायचं का पेढे आणायचे. आता अ-एक, अ-दोन, ब-एक, ब-दोन अशी उतरंड आली. वर्षभर पोरगं वर्गात काय बोलतं, काय करून दाखवतं, कसं वाचतं ते बघत राहायचं, त्याला नाव दिलं आकारिक मूल्यमापन. सत्राच्या शेवटी परीक्षा घ्यायची, ते संकलित. दोन्ही मिळून श्रेणी. ही नावं ज्यानं ठेवली त्यानं ती माळवाडीच्या पारावर उभं राहून एकदा मोठ्यानं म्हणून बघायला हवी होती. गुरुसिद्ध आप्पांना तर वाटलं, हे नव्या खताचं नाव आहे.

गुरुसिद्ध आप्पा गावातले दुकानदार. किराणा विकायचे, तूर-हरभरा विकत घ्यायचे. नातवाला ब-एक मिळाली म्हणून ते शाळेत आले, बाईंना “शरणार्थ” केलं आणि बसले. म्हणाले, पोरानं सत्राच्या परीक्षेत सगळा पेपर बरोबर लिहिलाय, मग अ-एक का न्हाई? जरा वर सरकवा. भाव बोलताना जशी मान हलवतात तशी मान हलवली.

बाईंनी विचारलं, “आप्पा, तुमच्या दुकानात तुरीचं पोतं आलं, तर वरची मूठभर बघून भाव करता का?”

“मी काय येडा हाय? नळी खुपसून मधली काढतो, बुडातली काढतो.”

“परीक्षा म्हंजे पोत्याचं तोंड, आप्पा. तिथं तुमच्या नातवाची तूर लई झकास हाय. मधी मी वर्षभर नळी घालून राहिले. पाठ केलेलं सांगतो, स्वतःच्या मनानं एक ओळ लिही म्हटलं की खिडकीकडं बघतो. तिथं खडे हायत.”

आप्पांनी मान हलवायची थांबवली. मग म्हणाले, “चाळून निघतील का?”

“म्हणून तर आत्ता सांगते. मार्चात सांगून काय उपेग?”

आप्पा उठले आणि घरी जाऊन नातवाला म्हणे रोज एक पत्र लिहायला लावू लागले. लिहायला कुणी नव्हतं तर दुकानाच्या उधारीवाल्यांना. त्यातल्या दोघांनी वाचून लाजेनं उधारी दिली, असं आप्पा सांगतात. मी काही तिथं नव्हतो.

दुष्काळाच्या वर्षी पालकसभेला कोणी येईना. फळ्यावर तारीख लिहा, पोरांबरोबर निरोप धाडा, सभेच्या वेळी आम्ही दोघं आणि एक कुत्रं. कुत्रं तरी शेवटपर्यंत बसायचं. बाई चौथ्या खेपेला म्हणाल्या, “सर, सतरंजी घ्या. लोक जिथं हायत तिथं सभा.” लोक होते टँकरच्या रांगेत. ओढ्याच्या वरच्या अंगाला घागरी, हंडे, डबे, एके ठिकाणी तर बाळाच्या आंघोळीचं घमेलं, अशी रांग लागायची की तिचं शेपूट जवळजवळ मुखेडला पोचायचं. टँकर येईपर्यंत हललं की नंबर गेला, म्हणून कुणी हलत नव्हतं. इतके बांधलेले पालक बाईंना आयुष्यात कधी मिळाले नव्हते.

तिथं त्यांना पहिलाच जो प्रश्न आला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. कलावती नावाची बाई, तिचा ज्ञानोबा तिसरीत. ती म्हणाली, “बाई, अवंदा माझ्या पोराची खालची लावा. पन्नासच्या आतली.”

आम्हाला कळेना. मग हळूहळू उलगडलं. दुष्काळ जाहीर करायचा तर पिकाची पैसेवारी काढतात. ती पन्नास पैशांच्या आत आली की गावाला मदत मिळते, वर राहिली की नाही. त्यामुळं त्या वर्षी गावातलं लहान पोरसुद्धा जाणत होतं की आकडा जितका खाली तितकं बरं. कुणीतरी डोकं लावलं होतं: पोरांचीही पैसेवारीच काढताहेत. अ-एक म्हणजे पीक बरं, मदत बंद. क-दोन म्हणजे खिचडी दोन वेळा, वह्या फुकट, नशीब असेल तर सायकल. रांगेतली प्रत्येक आई पोराला खाली ढकलायला टपली होती. एक तर म्हणाली, माझ्या दोघांचीबी ड लावा, मी कुणाला सांगणार न्हाई.

मी तोंडावर रुमाल धरून टँकरच्या दिशेनं बघू लागलो. बाई हसल्या नाहीत. त्या सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, “पैसेवारी कोण काढतं?”

तलाठी, म्हणाल्या बायका. बांधावर उभा राहतो, इकडून तिकडं बघतो, लिहितो आणि जातो.

“बरोबर. मी बांधावरून बघून जात न्हाई, कलावती. मी वर्षभर त्या रानातच हाय. उगवलं किती, कोमेजलं कुठं, कुठल्या सरीला पाणी कमी पडलं, ते रोज बघते. ते मदत मिळावी म्हणून लिहीत न्हाई. कुठं पाणी द्यायचं ते कळावं म्हणून लिहिते.”

कलावती म्हणाली, माझ्या रानात काय उगवलंच न्हाई बाई, पेपरात भोपळा आणतो.

तेवढ्यात टँकर आला आणि नेहमीप्रमाणं भांडण पेटलं. आदल्या दिवशी पाणी मध्येच संपलेलं, ज्यांना मिळालं नाही त्या पुढं घुसल्या, ज्यांचा नंबर होता त्या हटेनात. ड्रायव्हर टपावर चढून बसला, कारण मागच्या आठवड्यात त्याला हंड्यांनी तीन गावं पळवलं होतं. बाईंनी ज्ञानोबाला हात धरून पुढं आणलं आणि सांगितलं, वाटणी कर.

ज्ञानोबा म्हणजे वर्गात हजेरीलासुद्धा मान हलवून उत्तर देणारं पोर. तो रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. परत आला आणि म्हणाला, काल ज्यांना मिळालं न्हाई त्यांना आधी दोन घागरी. मग समद्यांना तीन-तीन. पारू आज्जी अन् तिच्यासारख्या एकट्या म्हाताऱ्या दोनच घेतील, त्यांना तेवढं पुरतं. तरी टाकीत थोडं उरंल, ते शाळेच्या खिचडीला. ड्रायव्हरनं वरून टाकीचं माप सांगितलं, बाईंनी अंबाड्यातला खडू काढून टँकरच्या अंगावर मांडून बघितलं. बरोबर होतं. पाणी खरंच तसं वाटलं गेलं, आणि त्या दिवशी माळवाडीत एकही घागर चेपली नाही.

कलावती पोराकडं असं बघत होती जसं ते दुसऱ्या कुणाचं असावं. बाई तिला म्हणाल्या, “हे मी लिहिणार हाय. लिहून काढायला त्याला अजून भ्या वाटतं, तेबी लिहिणार हाय. दोन्ही वाचायचं. एक वाचून दुसरं सोडायचं न्हाई.”

तर अशा बाई एक मेला पायरीवर उभ्या होत्या आणि बळीरामपुढं गप्प होत्या.

गप्प का, ते त्याच्या पुढच्या वाक्यानं कळलं. “मला केलं होतं की तुम्ही नापास,” तो म्हणाला. “ह्याच शाळेत. चौथीला. मी काय मेलो का?”

बाईंची पहिली नेमणूक माळवाडीचीच होती, हे मला माहीत होतं. बळीराम त्यांच्या हाताखालचा, हे माहीत नव्हतं. तेव्हा तीन तासांचा पेपर, पस्तीसच्या खाली की नापास, असा सरळ कारभार होता. जमलेल्यांत कुणीतरी हसलं आणि बाईंकडं बघून मध्येच थांबलं.

“मेला न्हाईस,” बाई म्हणाल्या. “शाळेत परत आला न्हाईस.”

मग त्या पायरी उतरून खाली आल्या. म्हणाल्या, त्या वर्षी मी तुझा पेपर तपासला, तुला बघितलं न्हाई. तुझा बाप आजारी होता, तू महिनाभर शाळेत नव्हतास, आणि ओळंबा धरून भिंत सरळ हाय का वाकडी ते तुला तेव्हाबी सांगता येत होतं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण पेपरात त्याला जागा नव्हती, म्हणून मी पस्तीसला दोन कमी दिले आणि हात धुतले. आता जागा हाय. आता मी तुझ्या पोरीला खोटं खाली लिहू व्हय?

“खोटं कशाला? सगळ्यांनाच पास करता. तिला काय येतंय ते मला काय ठाऊक?”

“मग तूच घे परीक्षा. तुला येतं ते विचार.”

सारिका बोलावली गेली. वेण्या घट्ट, डोळे खाली. ओरडणं सगळं तिनं वर्गातून ऐकलं होतं. बळीरामनं इकडं तिकडं बघितलं, घसा साफ केला. गवंडी माणूस, गवंड्याचाच प्रश्न घातला: दहा बाय बाराची खोली, छत नऊ फुटांवर. चारी भिंतींना मिळून गिलावा किती चौरस फुटांचा?

पोरगी पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघा ओढायला लागली. मी मनातल्या मनात देवाला नारळ बोललो. बळीराम बाईंकडं वळून काहीतरी म्हणणार, एवढ्यात सारिकानं मान वर केली आणि विचारलं, “दार किती मोठं हाय, आबा? अन् खिडक्या किती?”

मागं उभा असलेला त्याच्याच जोडीचा दुसरा गवंडी पुटपुटला की आपला ठेकेदार दार वजा करायचं विसरतो. म्हणजे विसरत नाही, मालकाला त्याचेही पैसे लावतो.

बळीराम खाली बसला. पटांगणातल्या फुफाट्यात, झेंड्याच्या काठीला टेकून. म्हणाला, “पास हाय. मान्य. आता ठेवू कुठं हिला?” हे त्यानं ओरडून विचारलं नाही, आणि म्हणूनच सगळ्यांना ऐकू आलं.

बाईंनी निकालाचा गठ्ठा माझ्या हातात दिला. “पाचवी इथंच काढते,” म्हणाल्या.

शाळेला पुढचा वर्ग जोडायची सोय नियमात होती. पण नियमात असणं आणि कचेरीत होणं यांमध्ये मोठा माळ आहे. बाईंनी प्रस्ताव दिला. कचेरीतले साहेब म्हणाले, नव्या जिल्ह्याचं ठरू द्या, मग बघू. उद्या तुमची फाईल कुठल्या जिल्ह्यात जाईल मला काय ठाऊक. बाई म्हणाल्या, जिल्हा होईपर्यंत पोरगी म्हातारी होईल. साहेब म्हणाले, बघू. बाईंनी त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला आणि शाळा उघडल्या दिवशी व्हरांड्यात पाचवी बसवली. सारिका, तिची मैत्रीण रेणुका आणि दोन पोरं. बळीराम आणि बायको पुण्याला गेले. सारिका पारूबाईजवळ राहिली.

मग एक विस्तार अधिकारी तपासणीला आले आणि व्हरांड्यातली मंजुरी नसलेली पाचवी बघून त्यांना आकडी यायची बाकी राहिली. वर्ग उठवतो म्हणाले. बातमी टँकरपेक्षा वेगानं गावात फिरली. पावसानं त्या साली उट्टं काढलं होतं, रानात काम होतं, तरी कलावतीसकट सगळ्या चिखलाचे पाय घेऊन आल्या. गुरुसिद्ध आप्पांनी साहेबांना बजावलं, वरची मूठ बघून भाव करू नका, आत नळी घाला. साहेबांना काही समजलं नाही. त्यांनी पारूबाईला विचारलं, “आजी, तुमची नात हुशार आहे का?”

पारूबाई म्हणाली, “कशात ते इचारा.”

साहेबांनी चष्मा काढला. ‘हुशार आहे का’ या प्रश्नाला त्यांच्या नोकरीत असं उत्तर कुणी दिलं नसावं, मास्तरांनीसुद्धा नाही. ते चारी पोरांजवळ जाऊन बसले, चहा थंड झाला तरी उठले नाहीत. दिवाळीआधी मंजुरीचा कागद आला. जिल्हा आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी गावानं शाल दिली, नारळ दिला, आप्पांनी तुरीचं पोतं दिलं. बाईंनी ते नळी घालून तपासून मगच घेतलं. सारिका आणि रेणुका सहावीला जळकोटच्या शाळेत गेल्या. दोघी मिळून जायच्या, आणि पोरींसाठीची निळी बस आता फाट्यावर थांबायला लागली होती. बळीराम पुण्यातच होता.

त्यानंतर बाई मला दिसल्या त्या जळकोटलाच. माझं त्या शाळेत काही दाखल्यांचं काम होतं. व्हरांड्यातून जाताना सहज एका वर्गात नजर गेली. आत पालकसभा चालू होती. आणि पुढच्या बाकावर, पोरांच्या त्या बुटक्या बाकावर, पाय जमिनीला टेकतील न टेकतील अशा, मठपती बाई बसलेल्या. पारूबाईचे गुडघे गेले होते, बाप पुण्यात, म्हणून सारिकाचे पालक म्हणून अहमदपूरहून त्या आल्या होत्या.

समोर एक तरुण सर भिंतीवर चित्रं पाडून आकारिक आणि संकलित समजावत होता. पोरगा चांगला होता, पण घाबरलेला, आणि घाबरून त्यानं आकारिकाला किती गुण आणि संकलितला किती ही विभागणी सहावीची सांगायची ती चौथीची सांगितली. मी खिडकीचा गज धरला. आता ‘याके’ येणार. आता छप्पर उडणार. बाई काही बोलल्या नाहीत. सर त्यांच्याकडं बघून म्हणाला, आजी, अवघड वाटतंय का, पुन्हा सांगू का? बाईंनी नको म्हणून नुसती मान हलवली.

मग तो एकेका मुलाचं सांगू लागला. सारिकाचं नाव आलं तेव्हा म्हणाला, इंग्रजीच्या तासाला हिचं लक्ष खिडकीबाहेर असतं, ते सुधारावं लागेल. पण कविता म्हणायला उभी राहिली की मागच्या बाकावरची पोरं बोलायची थांबतात. आणि परवा खेळताना पडलेल्या मुलीला हिनं एकटीनं उचलून आणलं. बाई पुढं वाकून, दोन्ही हात बाकावर ठेवून ऐकत होत्या. माझ्याकडं त्यांची पाठ होती.

सभा सुटल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, बाई, त्यानं विभागणी चुकीची सांगितली, सगळ्या पालकांदेखत सांगितली, आणि तुम्ही, तुम्ही गप्प बसलात? निदान आपण कोण ते तरी सांगायचं होतं.

बाईंनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“विभागणी मी जाताना कानात सांगितली त्याला,” त्या म्हणाल्या. “पुढं त्याला सारिकाचं सांगायचं होतं. मधी कशाला बोलू?”